नाव सारखे, वेग वेगळा: लॅपटॉप आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: लॅपटॉपमधल्या आणि डेस्कटॉपमधल्या प्रोसेसरची तुलना कशी करावी. पत्रांतले मुद्दे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले आहे आणि पुढच्या उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे.

प्रश्न: मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही कोअर आय७ १३५५यू हा प्रोसेसर असलेला लॅपटॉप घेतला. घरात कोअर आय५ १३४०० असलेला डेस्कटॉप आधीपासून आहे. दोन्ही प्रोसेसर एकाच पिढीचे असून दोन्हींत दहा कोर आहेत. कमाल गती लॅपटॉपची ५ गिगाहर्ट्झ आहे, तर डेस्कटॉपची ४.६. कागदावर लॅपटॉप सरस दिसतो, पण व्हिडिओचे रूपांतर करायला तो डेस्कटॉपपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. आमच्या लॅपटॉपमध्ये काही दोष आहे का? (एक पालक)

उत्तर: तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी दोष दिसत नाही. त्या प्रोसेसरकडून जे काम अपेक्षित आहे तेच तो करतो आहे. फसगत झाली आहे ती नावामुळे, आणि ती तुमच्या एकट्याची झालेली नाही. आय७ हा आय५च्या वरचा, हा क्रम एकाच प्रकारच्या यंत्रांसाठी बनवलेल्या प्रोसेसरांमध्ये साधारणपणे खरा असतो. लॅपटॉपचा आय७ आणि डेस्कटॉपचा आय५ यांना एका ओळीत उभे केले की त्या क्रमाला अर्थ उरत नाही.

आधी त्या दहा कोरांकडे, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांकडे, पाहू. इंटेलच्या २०२१ सालच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोर असतात. काही मोठे आणि वेगवान, ज्यांना परफॉर्मन्स कोर म्हणतात, तर काही लहान आणि विजेच्या बाबतीत काटकसरी, ज्यांना एफिशिअन्सी कोर म्हणतात. तुमच्या डेस्कटॉपमध्ये सहा मोठे आणि चार लहान कोर आहेत. लॅपटॉपमध्ये फक्त दोन मोठे आणि आठ लहान. बेरीज दोन्हीकडे दहाच येते, पण कामाची ताकद सारखी नसते. मोठा कोर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, सांभाळतो आणि लहान कोर एकच सांभाळतो, त्यामुळे डेस्कटॉपवर १६ थ्रेड चालतात आणि लॅपटॉपवर १२. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी, प्रोसेसरच्या पोटातली सामाईक कॅशे मेमरीही डेस्कटॉपला २० मेगाबाइट आहे, लॅपटॉपला १२.

तरीही निर्णायक फरक कोरांचा नसून विजेचा आहे. १३५५यू या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे आणि थोड्या वेळासाठी तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. १३४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे आणि कमाल १४८ वॅट. प्रोसेसरला दिलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून हे आकडे जितके विजेचे आहेत तितकेच उष्णतेचेही आहेत. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये एक पातळ तांब्याची नळी आणि एक छोटा पंखा जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो, तेवढ्याच विजेवर प्रोसेसरला सलग काम करावे लागते. डेस्कटॉपच्या पेटीत मोठा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा), रुंद पंखा आणि खेळती हवा असते.

गती वाढवणे इतके महाग का पडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसर चालू असताना खर्च होणारी वीज ही ढोबळमानाने गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा, गती २० टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेज १५ टक्क्यांनी वाढवावे लागले, तर वीज वाढते सुमारे ५९ टक्क्यांनी. उलट दिशेने, गती २० टक्क्यांनी आणि व्होल्टेज १५ टक्क्यांनी उतरवले तर विजेचा खर्च सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरची सगळी रचना या दुसऱ्या दिशेवर उभी आहे: थोडा वेग सोडायचा आणि बरीचशी वीज वाचवायची.

मग खोक्यावरच्या ५ गिगाहर्ट्झचे काय? तो आकडा खोटा नाही, पण तो एखाद-दुसऱ्या कोरवर भार असतानाचा आणि थोड्या वेळापुरता आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत कमाल वीजमर्यादा किती काळ वापरता येईल याचीही मर्यादा असते. ती लॅपटॉपचा निर्माता ठरवतो आणि २८ सेकंद हा पुष्कळदा आढळणारा आकडा आहे. तेवढ्या वेळात संचिका उघडते, वेबपान दिसू लागते, तक्त्यातली आकडेमोड होऊन जाते. अशा कामांत तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपच्या बरोबरीने, कधी कणभर पुढेही, चालत असणार. व्हिडिओचे रूपांतर मात्र कित्येक मिनिटे चालते आणि एकाच वेळी सगळे कोर मागते. पहिले अर्धे मिनिट सरले की लॅपटॉप आपल्या १५ वॅटच्या, किंवा निर्मात्याने थोडी सैल ठेवली असेल तर २०-२५ वॅटच्या, मर्यादेत परततो आणि डेस्कटॉप मात्र त्याच्या कितीतरी पट विजेवर धावत राहतो.

याला मी झटक्याचा वेग आणि टिकणारा वेग असे म्हणतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की लॅपटॉपच्या खोक्यावर गिगाहर्ट्झच्या शेजारी 'सलग भाराखाली इतके वॅट' हा आकडा ठळकपणे छापला गेला पाहिजे. कुटुंबाने साठवलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात काय करू शकेल, हे विकत घेण्याआधी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

तुमच्यापुरता एक उपाय सुचवतो. दोन्ही प्रोसेसरांमध्ये व्हिडिओसाठी वेगळे यंत्रण आहे, ज्याला इंटेल क्विक सिंक म्हणते. रूपांतराच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगचा पर्याय निवडला तर काम त्या यंत्रणाकडे जाते, कोर मोकळे राहतात आणि वेळेत मोठी बचत होते. संचिकेचा आकार तेवढाच ठेवला तर चित्राचा दर्जा सावकाश केलेल्या रूपांतरापेक्षा किंचित उणा येतो, पण व्याख्यानांच्या आणि प्रकल्पांच्या चित्रफितींसाठी तो पुरेसा आहे.

प्रश्न: 'एचएक्स' प्रकारचे लॅपटॉप प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपचेच प्रोसेसर असतात असे ऐकले. कोअर आय९ १४९००एचएक्स असलेला लॅपटॉप घेतला तर डेस्कटॉपची गरज संपेल का? (व्हिडिओ संपादन करणारे एक वाचक)

उत्तर: ऐकलेले बऱ्याच अंशी खरे आहे. १४९००एचएक्स आणि डेस्कटॉपचा १४९००के या दोन्हींत २४ कोर आहेत, आठ मोठे आणि सोळा लहान, आणि दोन्हींचा पाया एकाच सिलिकॉनचा आहे. एचएक्स हा सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) बसवण्याऐवजी मदरबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पट्टीवर, कायमचा जोडलेला असतो. कमाल गतीही ५.८ आणि ६ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक पुन्हा विजेत दिसतो: एचएक्सची मूळ मर्यादा ५५ आणि कमाल १५७ वॅट, तर १४९००के ची १२५ आणि २५३ वॅट.

पण वीज निम्मी म्हणजे काम निम्मे, असा हिशेब करू नका. वर सांगितलेल्या गणितामुळे गतीच्या माथ्यावरचे शेवटचे काही टक्के मिळवण्यासाठी विजेची उधळण होते. तिथून थोडे खाली आले की काम फारसे घटत नाही आणि वीज मात्र झपाट्याने वाचते. इंटेलने २०२२ साली १३९००के सादर करताना, तो ६५ वॅटवर मागच्या पिढीच्या १२९००के ने २४१ वॅटवर केलेल्या बहुकोर कामाची बरोबरी करतो, असा दावा केला होता. कंपनीचा दावा म्हणून त्यातला थोडा उत्साह वजा केला तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो: पुष्कळ कोर असतील तर प्रत्येकाला सावकाश चालवूनही एकूण काम भरपूर होते. म्हणून एचएक्स लॅपटॉप डेस्कटॉपच्या मागे राहतो, पण विजेच्या आकड्यांवरून वाटते तितका मागे राहत नाही.

खरी अडचण पुढे आहे. एकाच एचएक्स प्रोसेसरचे दोन लॅपटॉप एकमेकांपेक्षा बरेच वेगळे वागू शकतात, कारण ५५ आणि १५७ यांच्यामध्ये प्रोसेसरला सलग किती वॅट द्यायचे हे ते यंत्र बनवणारी कंपनी ठरवते. जाड आणि जड यंत्र शंभराहून अधिक वॅट सलग पेलू शकते. देखण्या, सडपातळ यंत्राला ते शक्य नसते. त्यातच ग्राफिक्स चिपही त्याच नळ्यांतून आणि त्याच पंख्यांतून उष्णता बाहेर टाकत असते. संपादनाच्या कामात दोघांवर एकदम भार आला की दोघांनाही आपला वाटा कमी करावा लागतो. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाचे पंखे स्वतंत्र असतात, त्यामुळे हा संघर्ष सौम्य असतो.

तुम्हाला कामासाठी वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागत असेल, तर एचएक्स लॅपटॉप घ्या. त्याचे वजन, त्याचा जाडजूड चार्जर आणि भाराखाली होणारा पंख्यांचा आवाज मात्र गृहीत धरा. यंत्र टेबलावरून कधीच हलणार नसेल, तर डेस्कटॉपऐवजी हा लॅपटॉप घेण्याचे कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

नावाबद्दल आणखी एक सावधगिरी सांगतो. कोअर अल्ट्रा ९ २८५के, २८५एचएक्स आणि २८५एच या तिघांचा आकडा एकच आहे, पण पहिल्या दोघांत २४ कोर आहेत आणि तिसऱ्यात १६. आकड्यामागचे अक्षर आधी वाचावे आणि आकडा नंतर.

प्रश्न: चाचण्यांचे गुण पाहून लॅपटॉप निवडायचा विचार आहे, पण एका चाचणीत लॅपटॉप आणि डेस्कटॉप जवळजवळ बरोबरीत दिसतात आणि दुसरीत डेस्कटॉप दुप्पट पुढे असतो. कोणत्या चाचणीवर विश्वास ठेवावा? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर: दोन्ही चाचण्या खरे बोलत असतात, त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एकल-कोर गुण पाहिलेत तर लॅपटॉप आणि डेस्कटॉप जवळ येणारच, कारण एका कोरला पूर्ण वेगाने धावण्यासाठी लागणारी वीज चांगल्या लॅपटॉपलाही पुरवता येते. लेखन, वेबपाने, तक्ते आणि नेहमीचे कोडलेखन यांचा अनुभव मुख्यतः याच गुणावर ठरतो. बहुकोर गुणांत मात्र वीज आणि थंडावा यांची कसोटी लागते आणि अंतर वाढते.

त्यानंतर चाचणीचा कालावधी पाहा. गीकबेंच ही छोट्या-छोट्या कामांची मालिका आहे आणि ती काही मिनिटांत संपते, त्यामुळे ती प्रामुख्याने झटक्याचा वेग मोजते. सिनेबेंचमध्ये एकच चित्र सगळे कोर वापरून रेंडर केले, म्हणजे आकडेमोडीने रेखाटले, जाते. तिच्या आर२३ या आवृत्तीपासून ही चाचणी सुरुवातीच्या सेटिंगनुसार दहा मिनिटे सलग चालते आणि त्यामुळे टिकणारा वेग बऱ्यापैकी उघडा पडतो. जुन्या आवृत्त्यांतली एकच फेरी आधुनिक प्रोसेसरवर लॅपटॉप तापायच्या आतच संपायची आणि त्या गुणांवरून कित्येक पातळ लॅपटॉप आहेत त्याहून सशक्त भासायचे. पासमार्कच्या याद्यांत असंख्य वापरकर्त्यांच्या यंत्रांची सरासरी असते. त्यात जाड आणि पातळ लॅपटॉप, एकच रॅम पट्टी असलेले आणि दोन असलेले, सगळे एकाच प्रोसेसरच्या नावाखाली मिसळून जातात. ढोबळ क्रम समजण्यासाठी ती यादी उपयोगी आहे. दोन जवळजवळच्या प्रोसेसरांत निवड करण्यासाठी नाही.

ज्या परीक्षणात गुणांबरोबर वॅटचा आलेख दिलेला असतो, त्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. सुरुवातीला ८० वॅटवर चढून अर्ध्या मिनिटात ३५ वर स्थिरावणारी रेषा त्या यंत्राबद्दल जितके सांगते तितके कोणताही एकच आकडा सांगू शकत नाही. यंत्र हाताशी असेल तर हे तुम्हालाही तपासता येते. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये प्रोसेसरचे वॅट, तापमान आणि प्रत्येक कोरची गती दिसते. तो सुरू ठेवून एखादी चाचणी एकामागून एक दहा वेळा चालवा आणि पहिल्या व दहाव्या फेरीच्या गुणांतली तफावत पाहा. चार्जर जोडलेला असू द्या, विंडोजचा वीजप्रकार (पॉवर मोड) कोणता निवडला आहे ते टिपून ठेवा आणि दोन यंत्रे तपासत असाल तर ती एकाच खोलीत तपासा. आजूबाजूची हवा दहा अंशांनी गरम असेल तर प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापतो, किंवा आधीच तापमानाच्या मर्यादेवर असेल तर तेवढा मंदावतो.

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तुम्हाला जे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, त्यातलेच एखादे नेहमीचे काम दोन्ही यंत्रांवर चालवून वेळ मोजता आली, तर बाकी सगळे गुण बाजूला ठेवावेत.

प्रश्न: चार्जर काढला की माझा लॅपटॉप मंद होतो. बॅटरी नवीन आहे. असे का? (एक शिक्षिका)

उत्तर: बॅटरी एका क्षणी किती वीज देऊ शकते याला मर्यादा असते, आणि ती लवकर संपू नये म्हणून यंत्र स्वतःहूनही प्रोसेसरची वीज कमी करते. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा १०० वॅट-तासांच्या आत ठेवलेल्या असतात. ९९ वॅट-तासांची भरलेली बॅटरी १५० वॅटच्या भारावर ४० मिनिटांत रिकामी होईल. वीजप्रकारात 'उत्तम कार्यक्षमता' निवडल्यास थोडा फरक पडेल. हेही पाहा की चार्जर यंत्राबरोबर आलेलाच आहे ना; जास्त वीज मागणाऱ्या लॅपटॉपला कमी वॅटचा चार्जर जोडला, तर तो जोडलेला असतानाही यंत्र मंदच चालते.

प्रश्न: अॅपलने एकच एम१ प्रोसेसर लॅपटॉपमध्ये आणि डेस्कटॉपमध्येही वापरला. मग लॅपटॉप आणि डेस्कटॉप हा भेदच आता कालबाह्य झाला असे म्हणता येईल का? (निवृत्त अभियंता)

उत्तर: आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला थोडा इतिहास जोडावा लागेल, कारण लॅपटॉपसाठी केलेली रचना डेस्कटॉपवर जाऊन जिंकण्याची ही पहिली वेळ नव्हे.

२००० नंतरची काही वर्षे इंटेलचा पेंटियम ४ केवळ गिगाहर्ट्झच्या बळावर पुढे रेटला जात होता. २००४ च्या अखेरीस तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत रद्द करावा लागला, कारण उष्णता आवाक्याबाहेर चालली होती. त्याच सुमारास इस्राएलमधल्या हैफा इथल्या इंटेलच्या गटाने लॅपटॉपसाठी पेंटियम एम तयार केला होता. मार्च २००३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरची गती सुरुवातीला १.३ ते १.६ गिगाहर्ट्झ एवढीच होती, पण प्रत्येक ठोक्यात (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला असे किती अब्ज ठोके पडतात ते) तो पेंटियम ४ पेक्षा अधिक काम उरकत असे. त्या विचारधारेतूनच पुढे २००६ साली कोअर २ आला, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या, ६५ वॅटच्या कोअर २ डुओने त्याच कंपनीच्या, त्याहून कितीतरी अधिक गिगाहर्ट्झच्या आणि अधिक तापणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरांना मागे टाकले. वीज वाचवण्याची शिस्त हीच वेगाची वाट ठरते, हे तेव्हा लखलखीतपणे सिद्ध झाले. डेस्कटॉप प्रोसेसरांच्या इतिहासातले हे वळण मला आजही सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एम१ त्याच मार्गावर आणखी पुढे गेला. आठ कोर, त्यांपैकी चार वेगवान, गती फक्त ३.२ गिगाहर्ट्झच्या आसपास. आणि तरीही एकल-कोर कामात तो त्या काळच्या उत्तमोत्तम डेस्कटॉप प्रोसेसरांच्या पंक्तीला बसला. त्याने एक सुंदर प्रयोगही आपोआप घडवून आणला. मॅकबुक एअरमध्ये पंखा नव्हता, मॅक मिनीमध्ये होता आणि प्रोसेसर तोच. छोट्या कामांत दोन्ही यंत्रे सारखीच चालत. काही मिनिटांच्या सलग भारानंतर एअर हळूहळू मंदावत असे आणि मिनी आपला वेग टिकवून धरत असे. प्रोसेसरचे नाव, रचना आणि कोर सगळे तंतोतंत सारखे असताना केवळ थंडाव्याने पडणारा फरक इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळतो.

तेव्हा भेद कालबाह्य झाला असे मी म्हणणार नाही. लॅपटॉपच्या मर्यादेत करता येणारे काम वाढले आणि अंतर दिसू लागण्याची रेषा दूर सरकली. ती रेषा ओलांडली की डेस्कटॉपचा फायदा तिथे उभा असतोच: एम१ अल्ट्रा हा दोन एम१ मॅक्स जोडून बनवलेला, २० कोरांचा प्रोसेसर २०२२ साली आला, तो मॅक स्टुडिओ या डेस्कटॉपमध्ये. अॅपलच्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये तो बसवला गेला नाही.

प्रश्न: सांख्यिकीची आकडेमोड करणारा माझा प्रोग्राम आठ कोरांच्या लॅपटॉपवर रात्रभर चालतो. संस्थेतल्या सोळा कोरांच्या डेस्कटॉपवर तो निम्म्या वेळात होईल असे वाटले होते, पण वेळ जेमतेम घटला. डेस्कटॉपमध्ये काय कमी आहे? (संशोधक विद्यार्थी)

उत्तर: डेस्कटॉपमध्ये काही कमी नसावे. तुमचा प्रोग्राम किती कोर वापरतो ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. आर या भाषेत लिहिलेला साधा प्रोग्राम मुद्दाम सांगितल्याशिवाय बहुतांशी एकाच कोरवर चालतो आणि तसे असेल तर उरलेले पंधरा कोर रात्रभर स्वस्थ बसतात.

प्रोग्राम समांतर लिहिलेला असला तरी संगणक-रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम आडवा येतो. समजा, कामाचा २० टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागतो. तर आठ कोरांवर ते काम एका कोरच्या तुलनेत सुमारे ३.३ पट वेगाने होईल आणि सोळा कोरांवर चार पट. कोर दुप्पट झाले, पण वेग वाढला सुमारे २० टक्क्यांनी. कोर कितीही वाढवले तरी या उदाहरणात पाच पटींच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे नवे यंत्र मागण्याआधी प्रोग्रामचा कोणता भाग वेळ खातो हे मोजा. त्यातली स्वतंत्र आवर्तने वेगवेगळ्या कोरांवर वाटता आली, तर हाच डेस्कटॉप तुम्हाला अपेक्षित असलेला फरक दाखवेल, आणि रात्रभराच्या भारासाठी तो लॅपटॉपपेक्षा योग्य आहेच.

प्रश्न: कार्यालयातला २०१७ सालचा कोअर आय७ ७७०० असलेला डेस्कटॉप बदलून रायझन ७ ७८४०एचएस असलेला लॅपटॉप घेतला तर वेग कमी होईल का? (लघुउद्योजक)

उत्तर: वाढेल, आणि भरपूर वाढेल. ७७०० मध्ये चार कोर आणि आठ थ्रेड आहेत. ७८४०एचएस मध्ये आठ कोर, सोळा थ्रेड आणि अनेक पिढ्या नवी अशी एएमडी कंपनीची झेन ४ ही रचना आहे. पिढ्यांचे अंतर इतके असेल तेव्हा लॅपटॉप-डेस्कटॉप हा भेद दुय्यम ठरतो.

मात्र नवेपणा विक्रीच्या तारखेवरून ठरवू नका. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो: ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४. याच मालिकेतला रायझन ५ ७५२०यू हा झेन २ या २०१९ सालच्या रचनेवर, चारच कोरांनिशी बनवलेला आहे, आणि तरीही दोघांचा पहिला अंक ७ आहे. अशी नावे ग्राहकाला अंधारात ठेवतात आणि ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

प्रश्न: ग्राफिक्सच्या बाबतीतही नावाचा असाच घोळ आहे का? (महाविद्यालयीन वाचक)

उत्तर: आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डात १६,३८४ कुडा कोर (ग्राफिक्सची आकडेमोड करणारे छोटे कोर) आणि २४ गिगाबाइट मेमरी आहे; त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ९,७२८ कुडा कोर आणि १६ गिगाबाइट. म्हणजे लॅपटॉपचा ४०९० हा घडणीने डेस्कटॉपच्या ४०८० च्या जवळचा आहे आणि त्याला वीज मात्र त्याहूनही बरीच कमी मिळते.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरुवातीला वेगवान होता. आता मोठे काम सुरू केले की पंखा जोरात फिरतो, तापमान १०० अंशांवर जाते आणि वेग पडतो. प्रोसेसर जुना झाल्यामुळे मंद होतो का? (एक वाचक)

उत्तर: प्रोसेसर वयानुसार अशा प्रकारे मंद होत नाही. उष्णता बाहेर जाण्याची वाट बुजली आहे, असा माझा कयास आहे. १०० अंश सेल्सिअस ही इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची तापमानमर्यादा आहे; तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी गती उतरवतो. डेस्कटॉपच्या ऐसपैस कूलरवर थोडी धूळ बसली तरी फारसे बिघडत नाही. लॅपटॉपच्या हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी इतक्या अरुंद असतात की धुळीचा एक थर पंख्याची हवा अडवायला पुरतो.

पहिला उपाय सोपा आहे: लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरणारा स्टँड वापरून पाहा, कारण बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. त्याने भागले नाही तर यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून जाळ्यांमधून हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवा. पंखा हवेच्या झोताने वेगात फिरू देऊ नका, नाहीतर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तो अलगद अडवून धरा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पुढे पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती बदलावी लागेल. ते काम मात्र जाणकाराकडून करून घ्या आणि त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर एकाच भाराखाली प्रोसेसर सलग किती वॅटवर टिकतो हे मोजून ठेवलेत, तर खर्च सार्थकी लागला की नाही हे तुम्हाला आकड्यांत कळेल.